कात्रीवर चालणारे ऋतू : नाशिकच्या वाईन-द्राक्षबागेचं वर्ष

जुलैच्या मध्यावर दिंडोरीच्या किंवा गंगापूर धरणाच्या बाजूला वाईनच्या द्राक्षबागेत गेलात, तर वेली हिरव्यागार दिसतील, पण घड एकही सापडणार नाही. त्याच दिवशी फ्रान्समध्ये बोर्दोच्या बागांत वाटाण्याएवढे मणी लटकत असतात. फेब्रुवारीत बरोबर उलटं. तिकडे वेली म्हणजे नुसत्या वाळल्या काटक्या, आणि इकडे पहाटेपासून क्रेट भरले जातायत. नाशिक उत्तर गोलार्धात आहे, पण तोडणीच्या तारखा जुळतात त्या ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेशी.

हे असं का होतं, हे कळलं की नाशिकच्या वाईनबद्दलच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं मिळतात. थोडक्यात सांगायचं तर युरोपात वेलीला ऋतू चालवतो. नाशिकला कात्री चालवते. वर्षातून दोनदा छाटणी, फळ मात्र एकदाच. आणि या दोन छाटण्यांच्या तारखा एकमेकींना अशा बांधलेल्या असतात की एक पंधरा दिवस सरकली की तिचा धक्का थेट पुढच्या वर्षापर्यंत पोचतो.

आधी वेलीचा मूळ स्वभाव बघू. द्राक्ष हे समशीतोष्ण पट्ट्यातलं झाड. वाईनचे बहुतेक जुने प्रदेश ३० ते ५० अक्षांशांच्या दरम्यान आहेत. तिथं थंडी आली की पानं पिवळी पडून गळतात, काडीत पिष्टमय पदार्थ साठतो आणि वेल झोपी जाते. वसंतात दिवसाचं सरासरी तापमान १० अंशांच्या वर टिकायला लागलं की डोळे, म्हणजे काडीवरचे अंकुर, फुटतात. मार्चअखेर-एप्रिलला फूट, जूनच्या आसपास फुलोरा, ऑगस्टमध्ये मण्यांना रंग, सप्टेंबर-ऑक्टोबरला तोडणी. फुलोऱ्यापासून तोडणीपर्यंत साधारण १०० दिवस धरतात. तिथला बागायतदारही छाटणी करतोच, पण झोपलेल्या वेलीची. ती कधी जागी होणार हे हवामान ठरवतं.

नाशिक आहे २० अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर. हिवाळ्यात रात्री पारा १० अंशांपर्यंत उतरतो, पण दुपारी पुन्हा २८-३० होतो. एवढ्यावर वेल झोपत नाही. ती मंदावते, कुरकुरते, पण जागीच राहते. तिला तिच्या मनावर सोडलं तर फक्त काडीच्या टोकाचे एक-दोन डोळे फुटत राहतील, खालचे मुके राहतील, आणि दरवर्षी फळाची जागा खोडापासून लांब लांब सरकत जाईल. घडही वाटेल तेव्हा येतील, अगदी भर पावसातसुद्धा. तमिळनाडूच्या कंबम खोऱ्यात खायच्या द्राक्षांची वर्षाला एकाहून जास्त पिकं घेतात ती याच न झोपणाऱ्या स्वभावाचा फायदा घेऊन. नाशिकला तसं जमत नाही, कारण मध्ये चार महिन्यांचा पावसाळा आडवा येतो. पावसात पिकलेल्या द्राक्षांत पाणी जास्त, साखर कमी आणि बुरशी मुबलक. अशा मालाची वाईन करायला कुणी धजावणार नाही.

म्हणून इथं तोडगा निघाला तो असा, की उन्हाळ्यात एक छाटणी घेऊन फक्त काडी तयार करायची, पावसाळाभर ती सांभाळायची, आणि पाऊस संपताना दुसरी छाटणी घेऊन फळ धरायचं. पहिलीला म्हणतात खरड छाटणी किंवा एप्रिल छाटणी. दुसरी ती गोडी छाटणी, म्हणजेच ऑक्टोबर छाटणी.

एप्रिल : घड इथं ठरतो

वाईनबाग बघायला येणाऱ्यांना एप्रिल-मे सर्वांत रटाळ वाटतो. मला विचाराल तर वर्षातला सर्वांत महत्त्वाचा काळ हाच.

तोडणी संपली की बागेला दोन-तीन आठवडे विसावा देतात. हलकं पाणी, थोडं खत. घड वाढवताना वेलीने साठवलेलं सगळं खर्च केलेलं असतं, ते थोडं तरी भरून यायला हवं. विसावा न देता कात्री लावली तर फूट एकसारखी निघत नाही. कुठे डोळा फुटतो, कुठे आठ दिवसांनी फुटतो, कुठे फुटतच नाही.

खरड छाटणीत प्रत्येक काडी ओलांड्यापाशी आणून एका डोळ्यावर कापतात. ओलांडा म्हणजे तारेवरून आडवा नेलेला खोडाचा हात. बाग बघता बघता उघडी पडते, आणि एप्रिलचं ऊन थेट ओलांड्यावर येतं. तो भाजला तर साल तडकते आणि त्या जागी पुढे डोळेच फुटत नाहीत, म्हणून काही जण ओलांड्यावर चुना लावतात. नवी फूट आली की विरळणी करतात, म्हणजे दोन काड्यांमध्ये चार-पाच बोटांचं अंतर राखून बाकीची फूट काढून टाकतात. या फुटीबरोबर एखाद-दुसरा घड येतोच. तोही काढायचा. ठेवला तर तो पावसात सापडणार, आणि तोवर काडीच्या वाट्याचं खाणार.

फूट सात पानांची झाली की पाच पानांवर शेंडा मारतात. टोक गेल्यामुळे वरच्या पानाच्या बगलेतून नवी फूट निघते. तिला सबकेन म्हणतात. जोरकस वाढणाऱ्या वेलीत याचा फायदा असा की सगळा जोर उंच पळण्यात जात नाही, आणि गाठीच्या आसपासचे डोळे पोसले जातात. वाढ मुळात बेताची असेल तर सबकेनच्या फंदात न पडता सरळ काडी ठेवणंच बरं.

आता खरी गोष्ट. छाटणीनंतर साधारण ४० ते ७० दिवसांत, म्हणजे मे-जूनमध्ये, काडीवरच्या प्रत्येक डोळ्याच्या आत पुढच्या फुटीचा आराखडा तयार होतो. वाढीच्या टोकाशी एक बारीक उंचवटा येतो. त्याचं पुढे घडात रूपांतर व्हायचं की बाळीत, हे याच दिवसांत ठरतं. बाळी म्हणजे तारेला विळखा घालणारा तो कुरळा दोरा. घड आणि बाळी एकाच मुळातून निघतात हे ऐकून आश्चर्य वाटतं, पण बागेत अर्धा घड-अर्धी बाळी असे नमुने नेहमी सापडतात.

उंचवटा घडाच्या बाजूला झुकायला तीन गोष्टी लागतात. डोळ्यावर पडणारा भरपूर उजेड, ऊब आणि बेताचं पाणी. पानांची गर्दी झाली, आभाळ दिवसचे दिवस भरून राहिलं किंवा पाणी-नत्र जास्त होऊन शेंडा सुसाट पळायला लागला, की बाळीचं पारडं जड होतं. म्हणून या टप्प्यात पाणी कमी करतात, नत्र थांबवतात, शेंडे मारतात, बगलफूट काढतात. मे महिना कोरडा, कडक उन्हाचा जाणं म्हणजे माणसांना त्रास आणि डोळ्यांना मेजवानी. २०२५ सारखं वर्ष आलं, की मे महिनाभर अवकाळी कोसळतो आणि मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत येऊन थडकतो, तर नेमका हा काळ ढगाखाली जातो. अशा वर्षी सप्टेंबरात काडी वरून कितीही चांगली दिसली तरी तिच्यावर विश्वास ठेवू नये.

इथंच ती तारखांची साखळी दिसते. तोडणी लांबून एप्रिलच्या मध्यापर्यंत गेली की खरड छाटणी मेमध्ये जाते. मग ४० ते ७० दिवसांचा तो काळ जून-जुलैच्या ढगांत सापडतो, डोळ्यांत घड कमी बनतात, आणि त्याचा फटका दिसतो पुढच्या हंगामात. तोडणी उशिरा का झाली? कारण मागची गोडी छाटणी उशिरा झाली होती.

पावसाळा : फळ नसलेली बाग सांभाळणं

नाशिकचा पाऊस म्हणजे एकच आकडा नव्हे. घाटमाथ्यावर इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पडतो, नाशिक शहरात त्याच्या पाव हिश्श्याच्या आत, आणि पूर्वेला निफाडकडे आणखी कमी. आणि हे सगळं शंभर किलोमीटरच्या आत. द्राक्षबागा घाटाच्या सावलीत, पूर्वेकडच्या पट्ट्यात जास्त का आहेत, याचं उत्तर यातच आहे.

फळ नसलं तरी पावसाळ्यात बाग वाऱ्यावर सोडून चालत नाही. हिरवी काडी या महिन्यांत पिकते. खालून वर तपकिरी होत जाते, आत पिष्टमय पदार्थ साठतो. हे काम पानं करतात. पानं डाऊनी, करपा किंवा तांबेरा या बुरशीच्या रोगांनी ऑगस्टमध्येच गळून पडली, तर काडी कच्ची राहते आणि डोळे अवेळी फुटायला लागतात.

पावसाळ्यातलं जुनं आणि अजूनही कामाचं औषध म्हणजे बोर्डो मिश्रण. १८८५ च्या सुमारास बोर्दोमध्येच मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते डाऊनीसाठी पुढे आणलं. एक टक्क्याच्या मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी लागतं. मोरचूद ५० लिटरमध्ये वेगळा विरघळवायचा, चुना ५० लिटरमध्ये वेगळा निवळायचा, आणि दोन्ही सावकाश एकत्र करायचे. भांडं प्लॅस्टिकचं घ्यायचं, लोखंडाचं नाही. मग परीक्षा अशी, की स्वच्छ लोखंडी खिळा किंवा विळ्याचं पातं मिनिटभर मिश्रणात बुडवायचं. बाहेर काढल्यावर त्यावर तांबूस थर दिसला तर मिश्रण आम्लधर्मी आहे, पानं करपतील. चुन्याची निवळी थोडी थोडी वाढवत पुन्हा खिळा बुडवायचा, थर येईनासा होईपर्यंत. केलेलं मिश्रण त्याच दिवशी वापरायचं. दुसऱ्या दिवशी ते पानाला धड चिकटत नाही. कोवळ्या फुटीवर एक टक्का जड पडतो, तिथं अर्धा पुरे.

गोडी छाटणीची तारीख

वाईनची चव ठरवणारा निर्णय कोणता, असं विचारलं तर बहुतेक जण तळघर, ओकची पिंपं, यीस्ट वगैरे सांगतील. नाशिकपुरतं बोलायचं तर उत्तर आहे, गोडी छाटणीची तारीख.

एका बाजूला परतीचा पाऊस आहे. तो ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात निघून जावा अशी अपेक्षा, पण भरवसा नाही. दुसऱ्या बाजूला मार्चचं ऊन. छाटणीपासून तोडणीपर्यंत जातीनुसार १२० ते १५० दिवस लागतात. सोव्हिन्यो ब्लां, शेनिन ब्लां या पांढऱ्या जाती लवकर येतात. लाल जातींत शिराज आणि त्याहून जास्त काबर्ने सोव्हिन्यो वेळ घेतात.

ऑगस्टअखेर छाटलं तर फूट आणि फुलोरा दोन्ही पावसात, म्हणजे डाऊनीला आमंत्रण. नोव्हेंबरच्या मध्यावर छाटलं तर पावसाची भीती गेली, पण थंडीत डोळे फुटायलाच वेळ लागतो, वाढ रेंगाळते आणि मणी पिकतात ते मार्चअखेरच्या ३६-३७ अंशांत. तेव्हा साखर झपाट्याने चढते आणि आम्ल तितक्याच झपाट्याने पडतं. मधली खिडकी उरते ती सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतची. शहाणा बागायतदार सगळी बाग एका दिवशी छाटत नाही. तुकडे पाडून आठ-दहा दिवसांच्या अंतराने छाटतो. पाऊस आला तर एखादा तुकडा जातो, सगळं जात नाही. शिवाय तोडणीच्या वेळी वायनरीच्या टाक्यांवर एकदम गर्दी होत नाही.

कात्री लावायच्या आधी डोळे तपासून घ्यायचे. बागेच्या वेगवेगळ्या भागांतून काड्या आणायच्या आणि प्रत्येक डोळ्याचा धारदार पात्याने उभा छेद घ्यायचा. सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्याच्या मधल्या कोंबाशेजारी घड असला तर फुलकोबीच्या इवल्याशा गड्ड्यासारखा खडबडीत पुंजका दिसतो. बाळी असली तर तिथं गुळगुळीत टोकदार बोट दिसतं. काडीवर खालून कितव्या डोळ्यात घड आहेत याची नोंद झाली की कुठे कापायचं ते ठरतं. घड खालच्या दोन डोळ्यांतच असतील तर दोन डोळ्यांवर, वर असतील तर सहा-आठ डोळ्यांची काडी, सबकेन असेल तर गाठीच्या पुढे एक-दोन डोळे राखून. ही तपासणी न करता छाटणं म्हणजे आंधळी कोशिंबीर.

छाटणीच्या पंधरा-वीस दिवस आधी पाणी तोडतात आणि पानगळ करून घेतात, हाताने किंवा इथेफॉन फवारून. हेतू असा की थंडीने जी झोप दिली नाही, तिचं सोंग तरी आणायचं. छाटल्यावर २४ ते ४८ तासांत हायड्रोजन सायनामाइड लावतात. बागेतल्या भाषेत याला पेस्टिंग म्हणतात. बाजारातल्या ५० टक्के तीव्रतेच्या द्रावणाचे ३० ते ४० मिलि एक लिटर पाण्यात, उन्हाच्या दिवसांत कमी, थंडीत आणि जाड काडीला जास्त. त्यात रंग मिसळतात, म्हणजे कुठला डोळा सुटला ते लगेच दिसतं. स्पंज किंवा कापडी बोळ्याने, जे डोळे फुटायला हवेत तेवढ्यांवरच लावायचं. याने डोळ्यातली झोप एकदम मोडते आणि टोकाच्या डोळ्याची दादागिरी संपून सगळे डोळे आठ-बारा दिवसांत जवळजवळ एकदम फुटतात. एकदम फुटणं महत्त्वाचं, कारण फूट मागेपुढे झाली की पुढे एकाच वेलीवर एक घड पिकलेला आणि दुसरा आंबट असा घोळ होतो. मग तोडणी कधी करायची?

हे रसायन हलक्यात घेण्यासारखं नाही. कातडी भाजते, म्हणून हातमोजे, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. शिवाय शरीरात अल्कोहोल पचण्याचा एक टप्पा ते अडवतं. पेस्टिंग केलेल्या माणसाने आदल्या दिवशी, त्या दिवशी किंवा नंतरचे काही दिवस दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, श्वास लागतो, रक्तदाब खाली येतो. वाईनच्या बागेतलं हे काम करणाऱ्याने वाईनला शिवायचं नाही, असा हा उलटा न्याय आहे.

फुटीपासून फुलोऱ्यापर्यंत : चाळीस रात्री

छाटणीपासून फुलोरा संपेपर्यंतचे सहा आठवडे बागायतदार आभाळाकडे बघत काढतो.

पोंगा अवस्थेत, म्हणजे डोळा कापसासारखा फुगून उघडू लागतो तेव्हा, पहिला शत्रू उडद्या. उडदाएवढा भुंगेरा रात्री येऊन कोंबच कुरतडतो. कोंब गेला की त्यातला घडही गेला. पुढे पाच-सहा पानं झाली की फेलफूट काढतात, म्हणजे ज्या फुटीला घड नाही ती काढून टाकतात. याच सुमारास कळतं की घड जिरले का. डोळ्यात घड असूनही, छाटणीनंतर ढगाळ हवा, गरजेपेक्षा जास्त पाणी किंवा कच्ची काडी असली तर घड पोसला न जाता बाळीत जिरतो किंवा आखडून त्याची गोळी होते.

मोठा धोका डाऊनीचा. पानावर आधी तेलकट पिवळा डाग येतो. पान उलटून बघितलं तर त्याच जागी पांढरी लव असते. तिला पान काही तास ओलं लागतं आणि हवा विशीतली लागते. ऑक्टोबरचा अवकाळी पाऊस या दोन्ही गोष्टी आयत्या पुरवतो. लागण झाल्यापासून पाच-सहा दिवसांत डाग दिसतात, म्हणजे डाग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. पानावर आली तर निभावता येतं. फुलोऱ्यातल्या घडावर आली तर घड तपकिरी होऊन कुजतो, आणि त्या काडीचं वर्ष संपतं. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस लांबला तेव्हा नाशिक जिल्ह्यात हेच झालं. लवकर छाटलेल्या बागा फुलोऱ्यात सापडल्या, आणि गळ-कुजीने उभे घड गेले.

पाऊस थांबला की आधी तारा हलवून पानांवरचं पाणी झटकायचं, मग फवारणीचं बघायचं. ही साधी गोष्ट बरेच जण विसरतात. घडांभोवतीची एक-दोन पानं काढली तर हवा खेळते आणि घड लवकर वाळतो. मात्र दुपारनंतरचं ऊन ज्या बाजूने येतं तिथली पानं राखावीत.

खायच्या द्राक्षात याच सुमाराला जिबरेलिक ॲसिडचे हात द्यायला सुरुवात होते, मणी लांब आणि फुगीर व्हावा म्हणून. वाईनच्या बागेत हे करत नाहीत. लाल वाईनचा रंग, तुरटपणा आणि सुवासातला मोठा भाग सालीत असतो. मणी लहान असला की रसाच्या मानाने साल जास्त. म्हणून उत्पादनाचा हिशोबही वेगळा. खायच्या द्राक्षाची बाग एकरी दहा-बारा टन देते, तर चांगल्या वाईनसाठी त्याच एकरात तीन-पाच टनांवर थांबावं लागतं, लाल जातींना त्याहूनही हात आखडता. जास्त घड धरले तर साखर चढायला उशीर होतो, आणि नाशिकमध्ये उशीर म्हणजे मार्चचं ऊन.

थंडी

डिसेंबर-जानेवारी नाशिकच्या वाईनचा खरा मित्र. मण्यातली दोन मुख्य आम्लं म्हणजे टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक बऱ्यापैकी टिकून राहतं. मॅलिक मात्र मणी श्वसनात जाळतो, आणि रात्र जितकी उबदार तितकं जास्त जाळतो. थंड रात्री ही जळती थांबवतात आणि दिवसाच्या उन्हात साखर बनत राहते. पांढऱ्या वाईनमध्ये जो ताजेपणा, जी लिंबासारखी धार हवी असते, ती या रात्रींची देणगी.

पण मित्राचाही अतिरेक होतो. निफाडच्या बाजूला काही वर्षी पारा पाच अंशांच्या खाली जातो. मण्यांची वाढ खुंटते, मुळं पाणी ओढायचं मंद करतात, आणि मध्येच पाणी जास्त झालं तर मणी तडकतात. अशा रात्री पहाटे ठिबक चालू ठेवतात, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. बागेत ठिकठिकाणी शेकोट्या करून धूर धरतात. कोरडी, थंड, अधूनमधून ढगाळ हवा भुरी या दुसऱ्या बुरशीच्या रोगालाही आवडते. भुरीला पान ओलं लागत नाही, त्यामुळे पाऊस नाही म्हणून बेफिकीर राहिलेल्याला ती गाठते. तिच्यावर गंधक स्वस्त आणि गुणकारी, पण वाईनच्या बागेत तोडणीच्या बरेच आठवडे आधी ते थांबवावं लागतं. सालीवर राहिलेलं गंधक किण्वनात यीस्टच्या तावडीत सापडतं आणि वाईनला सडक्या अंड्याचा वास येतो. खायच्या द्राक्षाच्या सवयीने फवारणाऱ्यांकडून ही चूक होते.

आणि गारा. त्यांच्यावर औषध नाही. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर-मार्चात राज्यभर झालेली गारपीट तोडणीच्या ऐन भरात आली. २०२३ च्या २६ नोव्हेंबरला निफाड भागात पडलेल्या गारांनी कोवळे मणी फोडले. फुटलेल्या मण्यावर आंबट कूज बसते आणि एक मणी सगळा घड नासवतो.

मण्यात पाणी उतरल्यावर

छाटणीनंतर अडीच-तीन महिन्यांनी, कडक हिरवा मणी एके दिवशी बोटांत मऊ लागतो. बागायतदार म्हणतात, पाणी उतरलं. लाल जातीत रंग येऊ लागतो, साखर चढू लागते, आम्ल उतरू लागतं. इथून पुढे पाणी बेताचं. फार तोडलं तर पानं वाळून साखर बनायचीच थांबते, फार दिलं तर मणी फुगून चव पातळ होते.

तोडणीची तारीख डोळ्यांनी ठरत नाही. बागेत वाकडं-तिकडं फिरून, ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरचे, मधले, खालचे असे शंभर-दोनशे मणी गोळा करायचे, चिरडून रस काढायचा आणि ब्रिक्स (म्हणजे रसातल्या साखरेची टक्केवारी), सामू (पीएच), आम्लता मोजायची. फक्त गोड-गोड लागणारे मणी वेचले तर आकडा एक-दोन ब्रिक्सने फुगतो. हे इतक्या वेळा होतं की आकडा कुणी काढला हे विचारूनच त्यावर विश्वास ठेवावा. फेसाळ वाईनसाठी १८-१९ ब्रिक्सला तोडतात, पांढरीसाठी २० ते २२, लाल वाईनसाठी २३-२४. लिटरभर रसातली सुमारे १७ ग्रॅम साखर एक टक्का अल्कोहोल देते, त्यामुळे २२ ब्रिक्सच्या रसातून साडेबारा-तेरा टक्क्यांची वाईन निघते. पांढऱ्या वाईनच्या रसाचा सामू ३.२ ते ३.४ च्या आसपास हवा. तो वर सरकला की वाईन सपक लागते आणि टिकतही नाही.

लाल वाईनसाठी आकड्यांबरोबर बी चावून बघतात. हिरवी, कडवट बी म्हणजे थांबा. तपकिरी, कुरकुरीत, भाजल्या शेंगदाण्यासारखी लागली की साल-बिया तयार. नाशिकचा पेच असा की फेब्रुवारीअखेर ऊन तापलं की साखर पुढे पळते आणि बी मागे राहते. थांबावं तर अल्कोहोल चौदाच्या वर आणि आम्ल पडलेलं, तोडावं तर तुरट कच्चेपणा. म्हणून उबदार प्रदेशांत टार्टारिक आम्ल मोजून घालण्याची पद्धत आहे. त्यात फसवणूक काही नाही. पण आधीच तारीख सांभाळली तर त्याची गरज कमी पडते.

तोडणी पहाटे किंवा रात्री दिव्यांच्या उजेडात, ऊन चढण्याआधी. दुपारचे तापलेले घड क्रेटमध्येच फुटून आंबायला लागतात, आणि तो माल थंड करायला वायनरीची वीज जाळावी लागते. क्रेट पंधरा-वीस किलोंचेच ठेवतात, खालचे घड दबू नयेत म्हणून. पांढरी द्राक्षं लगेच दाबून रस काढतात आणि तो १४ ते १८ अंशांवर आंबवतात. लाल द्राक्षं सालीसकट, २५ अंशांच्या आगेमागे, आठवडा-दहा दिवस. बाहेर पारा पस्तिशीत असताना टाकीत हे तापमान धरून ठेवणं हा नाशिकच्या वायनरीचा मोठा खर्च आहे.

बाटलीवर छापलेलं वर्ष तोडणीचं असतं. नाशिकच्या बाटलीवर २०२४ लिहिलं असेल, तर घड साधारण २०२४ च्या जानेवारी ते मार्चात तोडला, छाटणी २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात झाली, आणि घड डोळ्यात बनला तो २०२३ च्या मे-जूनमध्ये. त्या वर्षाचं हवामान कसं होतं ते बघायचं असेल, तर छापलेल्या वर्षाच्या आदल्या मेपासून सुरुवात करा.